खुलताबादचे मकबरे आणि मलिक अंबर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेरूळला निघालेली मंडळी वाटेत खुलताबादला थांबतात, औरंगजेबाची कबर बघतात, "एवढीच?" म्हणतात आणि पुन्हा गाडीत बसतात. त्याच गावाच्या वायव्येला मलिक अंबरचा मकबरा उभा आहे. ज्यानं आजचं छत्रपती संभाजीनगर वसवलं, त्याचं हे थडगं, पण तिकडे फारसं कोणी फिरकत नाही. पाहुण्यांना आणि कॉलेजच्या मुलांना गाव दाखवताना जे प्रश्न हमखास येतात ते उत्तरांसह खाली दिलेत. या प्रश्नोत्तरांच्या मध्यभागी अंबरचा मकबरा आहे, बाकीच्या कबरी त्याच्या आजूबाजूने येतात.

खुलताबाद नेमकं कुठे आहे?

संभाजीनगरपासून साधारण २५ किलोमीटर. दौलताबादचा किल्ला मागे टाकून घाट चढलात की पठारावर गाव लागतं, आणि पलीकडे उतरलात की चार-पाच किलोमीटरवर वेरूळ. गावाला औरंगजेबाच्या काळातली तटबंदी आहे. काही वेशी शाबूत आहेत, काही ठिकाणी तट ढासळलाय. बऱ्याच मराठी घरांत हे गाव भद्रा मारुतीचं म्हणूनच माहीत असतं. मारुतीची निजलेली मूर्ती फार थोड्या ठिकाणी बघायला मिळते. हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी शहरातून लोक रात्रभर चालत इथे येतात.

एवढ्याशा गावात इतकी थडगी कशी काय?

सुरुवात सूफी संतांपासून झाली. १३२७ च्या सुमाराला मुहम्मद तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा दिल्लीहून सरदार, मौलवी, कारागीर आले तसे चिश्ती परंपरेतले फकीरही आले. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब त्यांच्यातले प्रमुख. ते १३३७ मध्ये वारले आणि त्यांना या पठारावर पुरलं. त्यांचे भाऊ मुंतजिबुद्दीन, ज्यांना लोक जर जरी जर बक्ष म्हणतात, त्याआधीच इथे दफन झाले होते. पुढे बुऱ्हाणुद्दीनांचे उत्तराधिकारी झैनुद्दीन शिराझी १३६९ मध्ये वारले, त्यांचाही दर्गा इथेच झाला.

संताच्या जवळ माती मिळावी, म्हणजे कयामतीच्या दिवशी त्याच्या आधारानं उठता येईल, ही श्रद्धा. त्यामुळे नंतरच्या चारशे वर्षांत राजे, सरदार, राण्या, कवी, सगळ्यांनी इथे जागा धरली. पंढरपूरला देह ठेवावा असं आपल्याकडच्या वारकऱ्याला वाटतं, त्याच्या जवळपासचीच ही ओढ.

बुऱ्हाणुद्दीनांचा दबदबा किती होता याचा पुरावा तापीकाठी आहे. खानदेशच्या फारुकी सुलतानानं वसवलेलं बुऱ्हाणपूर त्यांच्या नावावरून, आणि नदीपलीकडचं झैनाबाद झैनुद्दीनांच्या नावावरून.

पूर्वी गावाचं नाव रौझा होतं, हे खरं का?

हो. मृत्यूनंतर औरंगजेबाला 'खुल्द-मकान' म्हणजे स्वर्गवासी असा किताब मिळाला, त्यावरून पुढे खुलताबाद हे नाव आलं. जुन्या कागदांत दोन्ही नावं सापडतात.

मलिक अंबर कोण होता, थोडक्यात सांगा.

थोडक्यात सांगणं अवघड आहे. इथिओपियात १५४८ च्या आसपास जन्म, मूळ नाव चापू. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. अरबस्तान, बगदाद असा हातोहात फिरत दख्खनला पोचला. 'अंबर' हे नाव त्याला बगदादच्या मालकानं दिलं. इथे त्याला विकत घेतलं अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान यानं. हा चंगीजखान स्वतःही हबशी, म्हणजे आफ्रिकेतून आलेला. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला, काही काळ विजापूरकडे चाकरी केली, स्वतःची घोडेस्वारांची तुकडी उभी केली.

१६०० मध्ये अकबराच्या फौजेनं अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही संपली असं सगळ्यांनी धरलं. अंबरनं घराण्यातला एक वारस शोधून त्याला दुसरा मुर्तझा निजामशाह म्हणून परांड्याला गादीवर बसवलं आणि पुढची पंचवीस वर्षं मुघलांना दख्खनमध्ये स्वस्थ बसू दिलं नाही. डोंगराचा आसरा, रात्रीचे छापे, रसद तोडणं, ही 'बर्गीगिरी' त्यानं मराठा घोडेस्वारांना हाताशी धरून चालवली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्यानं तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या छावणीची वाट लावली. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले आणि त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी तिथे पडले.

जमिनीची मोजणी आणि प्रत बघून सारा ठरवण्याची त्याची पद्धत 'मलिकंबरी' म्हणून महसुली कागदांत त्याच्यानंतरही बराच काळ वावरत राहिली. १६१० मध्ये त्यानं खडकी या खेड्याच्या जागी शहर वसवलं, डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरींतून गावात आणलं. नहर-ए-अंबरी ती हीच. १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबानं त्याच खडकीला औरंगाबाद केलं. मे १६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, अंबर वारला.

हा मकबरा त्यानं स्वतःच बांधून घेतला का? जिवंतपणी थडगं बांधणं अभद्र नाही वाटायचं?

त्याच्या हयातीतच इमारत उभी राहिली होती, असं परंपरा सांगते आणि इतिहासकारही तेच मानतात. अभद्र वगैरे काही नव्हतं, दख्खनच्या दरबारांत ती रीतच होती. गोवळकोंड्याचे कुतुबशाह आपापले मकबरे जिवंतपणी बांधत. विजापूरचा गोल घुमट मुहम्मद आदिलशाहानं स्वतःसाठी सुरू केला. इब्राहीम रौझाही अंबरच्याच काळातला, मूळ राणीसाठी काढलेला, आणि पुढे १६२७ मध्ये इब्राहीम आदिलशाहालाही त्यातच ठेवलं.

यामागे व्यवहार होता. बाप गेल्यावर मुलगा गादीसाठी भावांशी लढणार, की बापाच्या थडग्यावर खर्च करणार? अंबरच्या बाबतीत तर ही शंका रास्तच ठरली. त्याचा मुलगा फत्तेखान बापाच्या जागी आला खरा, पण १६३३ मध्ये त्यानं दौलताबादचा किल्ला मुघलांच्या हवाली केला. मकबरा त्याच्यावर सोपवला असता तर आज आपण काय बघत असतो कोण जाणे.

माझ्या मते आणखीही एक गोष्ट आहे. राजाला थडगं लागतं ते घराण्याच्या रांगेत बसण्यासाठी. अंबरला इथे घराणंच नव्हतं. ना वडिलोपार्जित वतन, ना गावात पूर्वजांची कबर. बाजारात विकलेल्या माणसाला या मातीत आपली जागा पक्की करायची होती, आणि त्यासाठी दख्खनमध्ये सगळ्यांना कळणारी खूण म्हणजे घुमट. त्यानं संतांच्या पंक्तीला लागून, पण दर्ग्याच्या आवारात न शिरता, मोकळ्यावर स्वतंत्र इमारत उभारली. औरंगजेब बादशहानं पुढे संताच्या अंगणात एक कोपरा मागितला, गुलामानं मात्र स्वतःचा घुमट बांधला. खुलताबाद बघायचं ते ही दोन थडगी एकाच दिवशी बघून.

मकबऱ्यात बघायचं काय? मला वास्तुकलेतलं काही कळत नाही.

कळायला लागत नाही, फक्त घाई नको. आधी लांबूनच थांबा. चबुतऱ्यावर चौकोनी इमारत, काळ्या दगडाची, वर एकच घुमट. हा दख्खनी मकबऱ्याचा साधा, ठाशीव नमुना. मिनारांची उंची दाखवण्याची हौस नाही, समोर बागेची लांबलचक वाट नाही.

मग भिंतीजवळ जा. सपाट भिंत फार कुठे दिसणार नाही. कमानींचे कोनाडे भिंतीत आत ढकललेत. त्यामुळे सकाळच्या आणि उतरत्या उन्हात प्रत्येक कमानीच्या आत सावलीची वेगळी पट्टी पडते आणि जड दगड हलका वाटायला लागतो. दुपारी बाराला जाल तर हे काहीच दिसणार नाही, भिंत नुसती काळी ठिक्कर दिसेल.

जाळ्या मात्र कुठल्याही वेळी बघा. हा दगड बेसाल्ट आहे, संगमरवरासारखा मवाळ नाही. छिन्नी जराशी चुकली की टवका उडतो. तरीही त्यात भौमितिक नक्षी आरपार कोरली आहे. जाळीच्या एका भोकापाशी डोळा नेऊन बघितलंत तर दगडाची जाडी कळते. एवढ्या जाडीतून नेमकं पलीकडे निघायचं, तेही शेजारचा धागा न तोडता. आत उभं राहिलं की त्याच नक्षीची उजळ प्रत जमिनीवर पडते आणि ऊन सरकेल तशी कबरीच्या दिशेनं सरकत जाते.

चौकोनी खोलीवर गोल घुमट बसतो कसा?

मुलं हा प्रश्न विचारतात आणि मोठी माणसं विचारायची राहतात. चौकोनाच्या चार भिंतींवर वर्तुळ ठेवलं तर ते फक्त चार ठिकाणी टेकेल, कोपरे उघडेच राहतील. म्हणून चारी कोपऱ्यांत तिरप्या कमानी टाकतात. चौकोनाचा अष्टकोन होतो. गरज पडली तर अष्टकोनाच्या कोपऱ्यांवर आणखी छोटे टप्पे काढून सोळा बाजू करतात. सोळा बाजूंची आकृती वर्तुळाच्या इतकी जवळ येते की त्यावर घुमटाचा पहिला थर सुखानं बसतो. विजापूरच्या गवंड्यांनी याच्या पुढे मजल मारली. गोल घुमटात एकमेकांना छेदणाऱ्या कमानींच्या जाळ्यावर एवढा प्रचंड घुमट तोललाय.

घुमट खाली दाबतो तसा बाहेरही रेटतो. तो रेटा पेलायला भिंती जाड कराव्या लागतात. म्हणून अशा मकबऱ्यांच्या भिंती बाहेरून वाटतात त्याहून कितीतरी जाड निघतात, आणि कोनाडे कोरूनही त्यांचं काही बिघडत नाही.

सगळं काळ्या दगडातच का?

कारण पायाखाली तोच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हे पठार तयार झालं. वेरूळचं कैलास लेणं याच दगडात वरून खाली कोरलंय. कोरणारे हात इथे हजार वर्षं तयार होत होते, त्यांना फक्त मालक बदलून मिळाले.

दगड सांधायला चुना. चुना घाण्यात मळून, कुजवून, त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी अशा गोष्टी घालायची आपल्याकडे जुनी पद्धत होती. त्यानं चुना सावकाश आवळतो आणि भेगा कमी पडतात. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचा अंश सापडलाय. कीड लागू नये म्हणून तो घालत असावेत, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे.

आत दिसते तीच खरी कबर का?

मोठ्या मकबऱ्यांत बहुतेकदा नाही. देह जमिनीत असतो आणि वरच्या दालनात त्याच जागेच्या बरोबर वर एक दगडी खूण बांधलेली असते. बीबी का मकबऱ्यात तर वरून वाकून खालची कबर बघता येते.

कबर उत्तर-दक्षिण खोदतात आणि देहाला कुशीवर, तोंड पश्चिमेला म्हणजे मक्केच्या दिशेला करून ठेवतात. त्यामुळे होकायंत्र नसलं तरी थडगं बघून दिशा सांगता येते. दख्खनमध्ये आणखी एक खूण चालते. पुरुषाच्या कबरीवर कलमदानासारखा उंचवटा, बाईच्या कबरीवर सपाट पाटी. उघड्यावरच्या निनावी थडग्यांमध्ये फिरताना याचा उपयोग होतो.

शेजारी आणखी एक मकबरा आहे, तो कुणाचा?

अंबरची बायको बीबी करीमा हिचा. तिच्याविषयी फारसं लिहिलेलं सापडत नाही, पण नवऱ्याच्या इतक्या जवळ तिला स्वतंत्र इमारत मिळाली, यावरून घरातलं तिचं वजन कळतं.

याच बाजूला थोड्या अंतरावर गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन कुतुबशाह, म्हणजे तानाशाह, याची उघडी कबर आहे. शिवाजी महाराजांचं गोवळकोंड्यात स्वागत करणारा तो हाच. १६८७ मध्ये औरंगजेबानं गोवळकोंडा घेतला आणि याला दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं. तो तिथेच वारला. हैदराबादला त्याच्या पूर्वजांचे घुमट ओळीनं उभे आहेत, आणि हा इथे, छपराविना.

औरंगजेबाची कबर इतकी साधी का? पैसे नव्हते का?

पैशाचा प्रश्न नव्हता. त्याच औरंगजेबाच्या कारकिर्दीत त्याची बेगम दिलरस बानू हिच्यासाठी संभाजीनगरला बीबी का मकबरा झाला. त्याचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे नोंदला गेलाय. फ्रेंच प्रवासी तॅव्हर्निये यानं सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना संगमरवर लादलेल्या ३०० गाड्या बघितल्याचं लिहून ठेवलंय. त्यातल्या सगळ्यांत लहान गाडीला १२ बैल होते म्हणे.

स्वतःसाठी मात्र त्यानं टोप्या शिवून मिळवलेल्या पैशांत दफन करायला सांगितलं, अशी कथा आहे. आकडे दोन सांगतात. गॅझेटियरच्या, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथाच्या, वळणानं जाणारे १४ रुपये १२ आणे म्हणतात. त्याचं मृत्युपत्र म्हणून दाखवतात त्या कागदात ४ रुपये २ आणे आहेत. कुराणाच्या नकला करून मिळवलेले ३०५ रुपये गरिबांना वाटावेत, असंही त्याच कागदात आहे.

१७०७ मध्ये तो अहमदनगरला वारला. तिथून देह इथे आणून झैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात ठेवला. वर छप्पर नाही. कबरीच्या मधोमध माती आहे आणि तिच्यात सब्जाचं रोप लावलेलं असतं. मुजावर, म्हणजे दर्ग्याचे सेवक, चादर जरा बाजूला सारून ती माती दाखवतात.

याला नुसती काटकसर म्हणणं मला पटत नाही. मुघल घराण्यात उघड्या कबरीची रीत आधीपासून होती. बाबराची काबूलमधली कबर मूळची उघडीच. औरंगजेबाची थोरली बहीण जहाँआरा १६८१ मध्ये वारली, तिची दिल्लीतली कबरही आभाळाखाली, वर गवत उगवलेलं, आणि तीही निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यात. भाऊ-बहीण आयुष्यभर वेगवेगळ्या बाजूंना उभे राहिले, थडग्याच्या बाबतीत मात्र दोघांनी एकच नमुना निवडला. साधेपणा तर त्यात आहेच, पण मोठ्या संताच्या अंगणात जागा मिळवण्याचा मानही आहे. तो मान पैशानं मिळत नसे.

मग तिथे संगमरवर कुठून आला?

नंतर. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनला ही कबर फारच साधी वाटली, म्हणून त्याच्या सूचनेवरून हैदराबादच्या निजामानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संगमरवरी फरशी आणि जाळी बसवली. म्हणजे ज्यानं काही नको म्हणून सांगितलं त्याच्याभोवती दोनशे वर्षांनी दोघा पाहुण्यांनी संगमरवर लावला. जाळीचं काम देखणं आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

हैदराबादचा पहिला निजाम इथे कसा पुरला?

कारण तेव्हा निजामाची राजधानी औरंगाबाद होती, हैदराबाद नंतरचं. हा निजाम, म्हणजे पहिला असफजाह, १७४८ मध्ये बुऱ्हाणपूरला वारला आणि त्याला बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या आवारात आणलं. दोनच वर्षांनी त्याचा मुलगा नासिरजंग जिंजीजवळ मारला गेला, तोही इथेच आहे.

जहांगीरनं मलिक अंबरला मारलं, असं चित्र मी पाहिलंय. ते खरं आहे का?

चित्र खरं आहे, प्रसंग खोटा. जहांगीरचा चित्रकार अबुल हसन यानं १६१६ च्या सुमाराला ते काढलं. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्याला बाण मारतोय. आज ते डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. जे रणांगणावर जमलं नाही ते कागदावर उरकलं. अंबर त्यानंतर दहा वर्षं जगला आणि मुघलांच्या हाती न लागता वारला. जहांगीर त्याच्याविषयी कायम शिवीगाळ करूनच लिहितो. पण अंबरच्या मृत्यूनंतर त्याच दरबारच्या बखरकारानं, मुतमिदखानानं, लढाईत आणि कारभारात त्याला तोड नव्हती, अशी मोकळ्या मनानं दाद दिली.

मराठ्यांच्या समाध्यांवर असे घुमट का दिसतात?

कारण बांधणारे गवंडी तेच आणि आश्रयदाते त्याच दरबारांतले. उत्तम उदाहरण बघायचं तर बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाला जा. जिजाऊंचे वडील लखुजी जाधव निजामशाहीतले मातब्बर सरदार. १६२९ मध्ये दौलताबादला भर दरबारात त्यांना मुलांसह दग्यानं मारलं. सिंदखेडराजाची त्यांची समाधी भव्य आहे, दगडी, घुमटाची, कमानींची. नुसता आकार बघून आत कबर आहे की समाधी हे सांगता यायचं नाही. २०२४ मध्ये तिच्या परिसरात जतनाचं काम चालू असताना शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती सापडली, तेव्हा बातम्यांमुळे बऱ्याच जणांना ही जागा पहिल्यांदा कळली.

अंबरचा मृत्यू १६२६ चा, लखुजींचा १६२९ चा. दोघंही एकाच निजामशाहीचे खांब, कधी एका बाजूला, कधी समोरासमोर. दोन इमारती एकामागून एक बघितल्या की सतराव्या शतकातला दख्खन कसा एकमेकांत गुंतलेला होता, ते भाषणाशिवाय समजतं.

कवींच्या थडग्यांपाशी मुलांना साखर चाटवतात, ते काय आहे?

निजामुद्दीन औलियांची वचनं टिपून ठेवणारा फारसी कवी अमीर हसन याची कबर खुलताबादला आहे. अठराव्या शतकातले विद्वान कवी आझाद बिलग्रामी यांनी आपली जागा त्याच्या जवळच निवडली. ते १७८६ मध्ये वारले. तिथे साखर ठेवून ती मुलाला ओठांनी उचलायला लावायची, म्हणजे बुद्धी तल्लख होते आणि पाठांतर जमतं, अशी समजूत. परीक्षेच्या दिवसांत आईबाप काय काय करतात हे आपल्याला नवीन नाही.

अंबरच्या मकबऱ्याला धोका कशाचा आहे?

सगळ्यांत मोठा धोका पिंपळ-वडाचा. पक्ष्याच्या विष्ठेतून बी घुमटाच्या बुडाशी किंवा एखाद्या सांध्यात पडतं. पहिल्या पावसाळ्यात दोन पानं, तिसऱ्या-चौथ्यात मनगटाएवढं मूळ, आणि ते दगडाला दगडापासून हळूहळू सारत नेतं. वरून तोडून उपयोग नसतो, मूळ आत जिवंत राहतं आणि दुप्पट जोमानं फुटतं. ते मुळासकट काढून पोकळी लगेच चुन्यानं बुजवावी लागते.

दुसरा धोका भल्या हेतूनं केलेल्या दुरुस्तीचा. चुन्याच्या भिंतीला सिमेंट थापलं की आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते. मग ती शेजारच्या दगडातून वाट काढते, क्षार फुलतात, दगडाचे पापुद्रे सुटतात. बाहेरून दोन वर्षं गुळगुळीत दिसतं आणि नंतर सिमेंटसकट मूळ पृष्ठभागच गळून पडतो. जुन्या वास्तूला सिमेंट लागताना दिसलं तर पुरातत्त्व खात्याला कळवा, फोटो जोडून. फेसबुकवर हळहळ व्यक्त करण्यापेक्षा ते बरं.

तिसरा धोका बदाम काढून नावं कोरणाऱ्यांचा. त्यांच्यावर काही लिहायची इच्छा नाही.

मुसलमान नसलो तर आत जाता येतं का?

येतं. दर्ग्यात डोकं झाका, चपला बाहेर काढा, कबरीकडे पाय करून बसू नका. काही दर्ग्यांत गाभाऱ्यासारख्या आतल्या भागात बायकांना जाऊ देत नाहीत. तिथल्या मुजावरांना आधी विचारा, वाद घालायला जाऊ नका. अंबरचा मकबरा दर्गा नाही, तिथे नमाज-नवसाची वर्दळ नसते, निवांत बघता येतं.

औरंगजेबाची कबर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक आहे. वातावरण तापलेलं असलं की तिथे पोलीस बंदोबस्त वाढतो, ओळखपत्र मागतात, कधी प्रवेशच बंद असतो. जाण्याआधी त्या आठवड्यात काय चाललंय ते बघून घ्या.

एका दिवसात सगळं होईल का? क्रम कसा ठेवू?

होईल, पण वेरूळ त्याच दिवशी धरू नका, कैलास लेण्यालाच अर्धा दिवस लागतो. सकाळी शहरातून निघा, पहिल्यांदा थेट अंबरच्या मकबऱ्यावर जा म्हणजे तिरपं ऊन मिळेल. तिथून गावात येऊन दोन्ही दर्गे, औरंगजेबाची आणि असफजाहची कबर. जेवण उरकून भद्रा मारुती. परतताना वेळ उरला तर शहरात भडकल दरवाजा बघा, तोही अंबरनंच बांधलेला. वेरूळ-कन्नडकडे जाणाऱ्या एसटी खुलताबादवरून जातात, त्यामुळे स्वतःची गाडी नसली तरी अडत नाही. गावात रिक्षा मिळते. रिक्षावाल्याला "मलिक अंबरचा मकबरा" असं पूर्ण सांगा, नाहीतर तो तुम्हाला सवयीनं औरंगजेबाच्या कबरीवर नेऊन सोडेल.

उरुसाच्या दिवसांत यावं का?

जर जरी जर बक्षांचा उरूस मोठा असतो. कव्वाली, मिठाई, खेळण्यांची दुकानं, पाळणे, आणि सगळ्या धर्मांची माणसं. गाव बघायला तो उत्तम काळ, इमारती बघायला वाईट, कारण उभं राहायला जागा मिळत नाही. तारीख हिजरी पंचांगावर ठरते म्हणून इंग्रजी कॅलेंडरात दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येते. इमारतींसाठी पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत या. मे महिन्यात तो काळा दगड दुपारी असा तापतो की चबुतऱ्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही.